काळ्या पाण्यावरचा न्हावी

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "नीलाताई, तुमच्या कलासाधनेवर लिहा ना." मी म्हटलं, अहो, कसली साधना, मी जन्मभर मेलेल्या माणसांना कोट घातले. त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, हेच लिहा. म्हणजे आता पुढे जे होईल त्याला त्या जबाबदार.

दुबईत अल क्वोजमधल्या ज्या लॅबमध्ये मी नोकरी केली, तिच्या एका अंगाला टायरचं दुकान आणि दुसऱ्या अंगाला गोठवलेल्या मासळीचं गोदाम होतं. आमच्याकडे येणाऱ्याला आधी रबराचा वास यायचा, मग मासळीचा, आणि मग माझं दर्शन. काम जुने फोटो दुरुस्त करण्याचं. वाळवीने खाल्लेले, घड्या पडलेले, काचेला चिकटलेले, नातवाने बॉलपेनने मिशा काढलेले, असे फोटो यायचे. ते स्कॅन करायचे, स्क्रीनवर मोठे करायचे आणि एकेक चीर, एकेक डाग बुजवत बसायचं. एक गाल गेला असेल तर दुसऱ्या गालावरचा तुकडा उचलून लावायचा. डोळा गेला असेल तर मात्र मी त्या माणसाच्या मुलाचा नाहीतर मुलीचा फोटो मागवायची. डोळे घरातलेच असावेत असं माझं मत आहे.

हे सगळं मी शिकले पुण्यात, एका स्टुडिओत. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. निगेटिव्हच्या मागून उजेड द्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने तिच्यावर काम करायचं. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, म्हणून तिच्यावरची पेन्सिलीची काळी रेघ कागदावर पांढरी उमटते आणि सुरकुती गायब होते. कितीतरी उपवर मुली मी अशा गोऱ्या करून दाखवायला पाठवल्या. पुढचं त्यांच्या सासरच्यांनी बघून घेतलं असेल.

आता कोटाचं सांगते. आपल्या लोकांचा आजोबा शेतात उघडा राबला असला, होडीवर लुंगीत उभा राहिला असला, तरी भिंतीवर त्याला कोट लागतो. पुण्याच्या स्टुडिओत खुंटीला एक खराखुरा कोट टांगलेला असायचा, गिऱ्हाईक तो चढवून बसायचं. दुबईत मी तसाच एक कोट एका जुन्या वकिलाच्या फोटोतून कापून कॉम्प्युटरमध्ये ठेवला होता. काळा, घड्याळाच्या साखळीसकट. डाव्या कॉलरला एक चुणी होती ती मी आळसाने कधी काढली नाही. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिश्चन असो, सगळ्यांना तोच कोट. दुबईतल्याच अल कुसैसमध्ये कुणा गिऱ्हाइकाकडे जेवायला गेले की भिंतीवरून ती चुणी माझ्याकडे बघायची आणि मी मुकाट्याने आमटी ओरपायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक. एक बाई आल्या, म्हणाल्या, सासूबाई फार कडक दिसतात, जरा हसवा. मी ओठांची टोकं किंचित वर उचलली. आठवड्याने परत आल्या. "अहो, आता त्या मलाच हसतायत असं वाटतं. होत्या तशा करा." एकाने भावाशी वाजलं म्हणून घरच्या फोटोतून भाऊ काढून घेतला आणि समेट झाल्यावर परत बसवायला आला. तोवर मी त्या जागी पडदा रंगवून ठेवला होता. भावाला पडद्यापुढे बसवला. दोघांनाही तो फोटो आधीपेक्षा आवडला.

इस्माईलचाचा हे माझं लाडकं गिऱ्हाईक. रत्नागिरीच्या बाजूचे, खाडीकाठच्या गावचे. उमर ऐंशीच्या घरात, पण चालणं तुरुतुरु. त्यांचा मुलगा आसिफ, याचं अल क्वोजमध्येच आमच्या मागच्या गल्लीत बोटींच्या सुट्या भागांचं गोदाम. चाचांनी त्यांच्या आज्याचा म्हातारपणचा फोटो आणला होता. ओट्यावर बसलेला उघडा म्हातारा, लांब दाढी, हातात जाळं.

"कोट घाल गो याला," चाचा म्हणाले. "रंगूनला दोरखंडाचा मोठा व्यापारी होता माझा आजा."

"मग व्यापारी जाळं कशाला विणतोय, चाचा?"

"शौक," चाचा म्हणाले आणि चहा मागितला.

मी कोट घातला, जाळं पुसलं आणि हातात काठी दिली. चाचा खूश. तो फोटो त्यांच्या कुसैसच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लागला.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी लीनाचं काम आलं. लीना लेबनानची, आमच्याच भागात एक गॅलरी चालवायची. तिला कुणा संग्राहकाकडून काचेच्या जुन्या निगेटिव्हजच्या पेट्या मिळाल्या होत्या, अंदमानच्या. तिथे बेटावर कैद्यांची वसाहत होती तेव्हा कुणा गोऱ्या फोटोग्राफरने काढलेल्या. कैदी काथ्या कुटतायत, कैदी कोलूवर, कैदी माग चालवतायत, कैद्यांची हजेरी. मला त्या साफ करून, स्कॅन करून, भिंतीएवढे प्रिंट काढून द्यायचे होते.

काचेची निगेटिव्ह तान्ह्या पोरासारखी धरावी लागते, हातमोजे घालून, फक्त कडांना. एका बाजूला रसायनाचा पातळ थर असतो. समुद्राच्या दमट हवेने त्याला बुरशी धरते, आणि चुकून पुसायला गेलात की बुरशीबरोबर माणूसही जातो. मी श्वास रोखून काम करत होते. प्रत्येक कैद्याच्या गळ्यात लोखंडी कडी आणि तिला अडकवलेली लाकडाची पाटी. पाटीवर नंबर, कुठल्या कलमाखाली आला ते, शिक्षा कधीची ते. नाव नाही. मी पुण्याची, शाळेत अंदमान म्हटलं की देशभक्त एवढंच शिकलेली. तिथे खून-दरोड्यातले कैदी हजारोंनी होते हे मला लीनाने सांगितलं, आणि मी उगाचच ओशाळले.

तर त्या काचांवर काम करता करता मला एक माणूस भेटला. पहिल्यांदा तो न्हावी होता. एका कैद्याची हजामत करत उभा, हातात वस्तरा, चेहऱ्यावर मिश्कील भाव. दोन-तीन काचांनंतर तो मागावर बसलेला. मग आचारी, मोठ्या कढईत डाव घालून. मग म्हणे सुटका होऊन गावात वसलेला शेतकरी, काखेत कोंबडी. प्रत्येक ठिकाणी तोच चेहरा, तेच हसू दाबलेले ओठ. मी स्क्रीनवर चारही जण शेजारी शेजारी लावले आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या टेबलवरचा पोरगा विचारायला लागला, मॅडम, तबीयत ठीक आहे ना.

कारण उघड होतं. अंधाऱ्या कारखान्यात फोटो काढताना माणसाला बराच वेळ पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. जरा हलला की चेहऱ्याचा धूर. बाकीच्या कैद्यांचे कितीतरी चेहरे तसे पुसट झालेले. हा पठ्ठ्या मात्र हलतच नव्हता. फोटोग्राफरला एक न हलणारा कैदी सापडला आणि त्याने त्यालाच वस्तरा दिला, त्यालाच डाव दिला, त्यालाच कोंबडी दिली.

मी लीनाला बोलावून दाखवलं. तिने डोक्याला हात लावला. "खलास. मी चार वेगवेगळी लेबलं लिहून ठेवली आहेत, चार वेगवेगळ्या आयुष्यांवर." मग तीही हसायला लागली. "नीला, हबीबती, बॅनरवर हाच."

म्हणजे तो बॅनरवर गेला तो माझ्या जिभेमुळे. नको तिथे वळवळायची तिला सवयच आहे.

प्रदर्शन लागलं. गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीवर दोन मजली उंचीचा बॅनर, त्यावर आमचा न्हावी, गळ्यात पाटी. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी इस्माईलचाचा लॅबमध्ये आले. बसले नाहीत. चहा नको म्हणाले. तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"नीला, तो भिंतीवरचा माणूस तू लावलास?"

"प्रिंट मी काढला, चाचा. का हो?"

"आसिफच्या गोदामातल्या फोरमनने काल त्याला विचारलं, शेठ, आपका फोटो उधर क्यों लगाया, गले में तख्ती डालके."

मी आसिफला कितीदा तरी पाहिलं होतं. आमच्याकडून पाण्याचे कॅन न्यायला यायचा. डोळ्यांपुढे तो चेहरा आणला. तेच कपाळ, तेच दाबलेले ओठ. घरातले डोळे ओळखण्याच्या गमजा मारणारी मी, आणि ओळखलं ते गोदामातल्या फोरमनने.

चाचा मग खुर्चीवर टेकले. "रंगून वगैरे काही नाही. काळ्या पाण्यावर होता तो. जन्मठेप. माझा बाप तान्हा होता तेव्हा गेला आणि म्हातारा होऊन आला. घरात हे आता फक्त मला ठाऊक आहे. आसिफलाही नाही." त्यांनी आवाज खाली केला. "शनिवारी सनाचा साखरपुडा आहे."

सना म्हणजे आसिफची मुलगी, चाचांची जीव की प्राण. मुलाकडचेही रत्नागिरीचेच, खानदान-खानदान करणारे. लग्न ठरवताना त्यांनी चाचांच्या सात पिढ्या विचारून घेतल्या होत्या आणि चाचांनी रंगूनचा व्यापारी पुढे केला होता.

"त्यांना कळलं की हिच्या घरात खुनी होता, तर साखरपुडा मोडेल," चाचा म्हणाले. "तू त्या बॅनरवर दाढी लाव. नाहीतर कोट घाल. तुला येतं ना."

"चाचा, दोन मजली बॅनरला कोट कुठून घालू?"

"पण हसू नको गो."

मी हसत नव्हते, पण कोटाची मापं मनात येऊन गेली हे खरं. मग मी लीनाकडे गेले आणि बेधडक सांगितलं की बॅनरवर हिरवट छटा आली आहे, लॅबची अब्रू जाते आहे, उतरवून परत छापू. लीनाने डोळे बारीक करून पाहिलं. "मला तर दिसत नाही."

"तुला दिसायला आणखी वीस वर्षं हे काम करावं लागेल," मी म्हटलं. बॅनर खाली आला. नवा छापायला मशीन बिघडलं आहे असं मी सांगून ठेवलं. मशीन ठणठणीत होतं.

शनिवारी मी पैठणी नेसून कुसैसला साखरपुड्याला गेले. बिर्याणी उत्तम होती, सोफ्याच्या वर माझा कोट होता, आणि चाचा सारखे माझ्याकडे बघून मान हलवत होते की सगळं ठीक. अंगठ्या घातल्या. फिरणी आली. आणि नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाने फोन काढला.

"आसिफ अंकल, चेक धिस आउट. तुमचा डुप्लिकेट." तो डिलिव्हरीच्या कामाने अल क्वोजला गेला होता आणि बॅनर उतरायच्या आधीच त्याने त्याच्यापुढे उभं राहून सेल्फी काढली होती. त्यांच्या घरच्या ग्रुपवर तो फोटो कधीचाच फिरत होता. फोन हातोहात गेला. सगळे आसिफकडे बघत, मग फोनकडे बघत. मुलाचे मामू, कादरभाई म्हणून, ट्रॅव्हल एजन्सीवाले, त्यांना भाषणाची आणि सहलींची दोन्हीची हौस. "अरे, इथेच तर आहे ना? यल्ला, सगळे जाऊ. बघून येऊ कोण आहे हा." पाच मिनिटांत जरीचे कपडे, अत्तर आणि पोरंबाळं चार गाड्यांत भरली. चाचा माझ्या शेजारी बसले.

गॅलरीत एवढी जरी बघून लीना बावरली. मंडळी न्हाव्यापुढे आली. न्हाव्याशेजारी विणकर, विणकराशेजारी आचारी, मग कोंबडीवाला. आणि त्यांच्यापुढे जरीच्या कुर्त्यात आसिफ. आता कुणी काही विचारायची गरज नव्हती.

"पापा," सना म्हणाली, "दॅट्स यू."

सगळे चाचांकडे वळले. चाचा एवढंच म्हणाले, "माझा आजा आहे."

कादरभाईंनी भिंतीवरचा मजकूर वाचला, अंदमान एवढा शब्द त्यांना दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अंदमान? म्हणजे चाचा, स्वातंत्र्यसैनिक! आणि तुम्ही आम्हाला दोरखंडाचा धंदा सांगता? एवढी मोठी गोष्ट लपवता?" त्यांनी चाचांना मिठी मारली. बायका पुढे झाल्या, कुणी कोंबडीवाल्यापुढे मुलांना उभं करून फोटो काढायला लागलं. नवरा मुलगा आसिफचा हात हातात घेऊन हलवत राहिला. सना आजोबांना म्हणाली, "दादा, व्हाय डिडन्ट यू टेल अस? धिस इज सो कूल."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी आतल्या आत टाळ्या पिटल्या. याहून झकास कोट मलाही शिवता आला नसता, आणि तो मुलाकडच्यांनीच आणून दिला होता. चाचांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलंही, की बसा गप्प.

चाचांनी कादरभाईंचा हात खांद्यावरून काढला आणि मधल्या बाकावर बसले.

"कादर, थांब रे. फोटो नका काढू." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मुलंसुद्धा थांबली. "तो स्वातंत्र्यसैनिक नव्हता. खाडीत जाळी कुठे लावायची त्यावरून भांडण झालं. आज्याने वल्हं उचललं आणि दाऊदच्या डोक्यात घातलं. दाऊद पलीकडच्या वाडीचा. तिथेच मेला. कोवळा पोरगा, लग्न ठरलेलं त्याचं."

आसिफ बापाकडे बघतच राहिला. कादरभाईंनी घसा साफ केला. "चाचा, हे आता सांगायची काय गरज होती? कुणाला कळलं असतं?"

"मी हॉलमध्ये त्याला कोट घातला. व्यापारी केला. ते एक खपून गेलं. पण देशासाठी मार खाल्लेली माणसं वेगळी होती रे. त्यांच्यात याला बसवला तर दाऊदचं काय?"

मुलाकडच्या सगळ्यांच्या नजरा त्यांच्या आजीकडे गेल्या. हलीमानानी म्हणून, व्हीलचेअरवर, त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी खुर्ची न्हाव्याच्या अगदी जवळ न्यायला लावली.

"तुमचा आजा आल्यावर कसा होता?" त्यांनी विचारलं.

चाचा म्हणाले, "गप्प असायचा. जाळी विणायचा आणि विणलेली पलीकडच्या वाडीत देऊन टाकायचा. शब-ए-बारातला मला बोटाला धरून तिकडच्या कबरस्तानात न्यायचा. एका कबरीवर फुलं घालायला लावायचा, फातिहा पढायला लावायचा. मला वाटायचं, आपलंच कुणीतरी आहे. तो गेल्यावर बापाने सांगितलं, तो दाऊद."

ते जाळं मीच पुसलं होतं आणि त्या जागी काठी दिली होती, आणि माझ्या कामावर मी तेव्हा बेहद्द खूश होते.

हलीमानानींनी सनाला जवळ बोलावलं, तिच्या हातावरची अंगठी नीट सारखी केली आणि कादरभाईंना म्हणाल्या, "गाड्या काढ. पोरीचे कपडे जड आहेत, दमली असेल." पुढे त्या विषयावर त्या घरात कुणी काही बोललं नाही. लग्न झालं.

मंडळी बाहेर पडत होती तेव्हा लीना माझ्यापाशी आली. तिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण काय झालं ते निम्मं समजलं होतं. उरलेलं मी सांगितलं, हिरव्या छटेसकट. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि न्हाव्याचं लेबल भिंतीवरून उतरवलं. त्यावर 'कैदी न्हावी, नाव अज्ञात' असं इंग्रजीत होतं. तिने मला चाचांना त्याचं नाव विचारायला सांगितलं.

"हसन," चाचा म्हणाले. "आणि न्हावी काढ म्हणावं. त्याला हजामत येत नव्हती. एकदा माझे केस कापले होते, मी ईदला टोपी काढली नाही."

लीनाने लेबलाच्या कोऱ्या बाजूवर 'हसन' लिहिलं.

"त्याच्याखाली दाऊद लिही," चाचा म्हणाले.

लीनाने फोटोतल्या खुर्चीवर हजामतीला बसलेल्या कैद्यावर बोट ठेवलं. "दाऊद म्हणजे हा?"

मी चाचांना विचारलं. चाचांनी नाही म्हणून मान हलवली.

"तो यात नाही गो. त्याचा फोटो कुणी काढला नाही."

मी ते लीनाला सांगितलं, आणि तिने हसनच्या खाली दाऊदचं नाव लिहिलं.